गोवा 2017 : सतरा जागा, दीड दिवस आणि मांद्र्याचं मत

माझी आत्या मांद्र्याला दिली. पेडणे तालुका म्हणजे आमच्या सावंतवाडीकरांना परकं राज्य वाटतच नाही, सातार्ड्याचा पूल ओलांडला की गोवा, सोयरीक तिकडे, बाजार तिकडे, आता तर नोकऱ्याही तिकडेच. तर 11 मार्च 2017 ला सकाळी आत्याच्या घरनं फोन आला, "मुख्यमंत्री पडलो रे." लक्ष्मीकांत पार्सेकर, तेव्हाचे गोव्याचे मुख्यमंत्री, आत्याच्याच मतदारसंघातले, आणि काँग्रेसच्या दयानंद सोपटेंनी त्यांना सात हजारांहून जास्त मतांनी पाडलेलं. मांद्र्यासारख्या सीटवर सात हजार म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या माणसाला पटकन कळणार नाही म्हणून सांगतो, गोव्यात एकूण 40 मतदारसंघ आणि मतदार अकरा लाखांच्या आसपास, म्हणजे एका सीटला सरासरी सत्तावीस-अठ्ठावीस हजार. आपल्याकडे विधानसभेच्या एकेका सीटला तीन लाखांच्या आसपास मतदार असतात. तिकडे आमदार लग्नाला येतो, बाराव्याला येतो, मुलाच्या ॲडमिशनला फोन करतो, आणि मतदार त्याला नावानिशी ओळखतो. अशा ठिकाणी मुख्यमंत्र्याला सात हजारांनी पाडणं म्हणजे लोकांनी ठरवूनच पाडलं, त्यात दुसरा अर्थ काढायला जागा नाही.

मला हे प्रकरण नीट लिहायचं होतं कारण लोक अजून एवढंच बोलतात की "काँग्रेस जिंकली होती पण भाजपने सरकार पळवलं", किंवा उलट बाजूचे म्हणतात की "काँग्रेस झोपली होती, त्यात आमचा काय दोष". दोन्ही अर्धंच आहे. मतदाराच्या मताचं पुढे काय झालं हे कुणी शेवटपर्यंत बघतच नाही, आणि मला तेच बघायचंय.

आधी आकडे. मतदान 4 फेब्रुवारीला झालं, ऐंशी टक्क्यांच्या वर, सगळ्याच्या सगळ्या 40 सीटवर व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं मशीन, लावलेलं गोवा हे पहिलं राज्य. रिझल्ट मात्र यूपी, पंजाब, उत्तराखंड, मणिपूर यांच्यासोबत 11 मार्चला. काँग्रेस 17, भाजप 13, मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) 3, गोवा फॉरवर्ड 3, अपक्ष 3, राष्ट्रवादी 1. आम आदमी पार्टीने जवळजवळ सगळ्या जागा लढवल्या, सहा टक्क्यांच्या वर मतं घेतली आणि सीट शून्य. मेजॉरिटीला 21 लागतात, म्हणजे काँग्रेसला फक्त चार कमी. गोवा फॉरवर्डचे तीन आणि राष्ट्रवादीचे चर्चिल आलेमाव एक, झाले 21. कागदावर इतकं सोपं होतं.

पण व्होट शेअर बघितला तर वेगळंच दिसतं. भाजपला 32.5 टक्के, काँग्रेसला 28.4 टक्के. म्हणजे जास्त मतं भाजपला आणि जास्त जागा काँग्रेसला. मगोला अकरा टक्क्यांच्या वर मतं मिळून तीन सीट, गोवा फॉरवर्डला साडेतीन टक्क्यांच्या आसपास मिळून तेवढ्याच तीन, कारण त्यांनी मोजक्याच जागा लढवल्या आणि तिथे जीव तोडून काम केलं. नंतर दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचा आकडा उचलला. माझ्या मते मात्र कौल कोणाच्या बाजूने हे या आकड्यांवरून सांगताच येत नाही, कौल कोणाच्या विरोधात हे मात्र स्वच्छ सांगता येतं. मुख्यमंत्री पडले, शिवोलीत दयानंद मांद्रेकर पडले, साळगावात दिलीप परुळेकर पडले, पेडण्यात राजेंद्र आर्लेकर पडले, शिरोड्यात महादेव नाईक पडले, हे सगळे मंत्री. 2012 ला एकट्याच्या 21 जागा आलेला पक्ष 13 वर आला. लोकांना ते सरकार नको होतं.

का नको होतं याला बरीच कारणं होती, पण एक कारण आपल्या मराठी वाचकाच्या जवळचं आहे ते शिक्षणाच्या माध्यमाचं. सरकारी अनुदान इंग्रजी माध्यमाच्या शाळांना चालू ठेवलं यावरून भाषा सुरक्षा मंचाने मोठं आंदोलन उभारलं, मराठी आणि कोंकणी दोन्हीवाले एकत्र, आणि त्याचा चेहरा होते सुभाष वेलिंगकर, गोव्यातल्या संघाचे प्रमुख. ऑगस्ट 2016 मध्ये संघाने त्यांना पदावरून काढलं तेव्हा त्यांच्यामागे शेकडो स्वयंसेवक बाहेर पडले. मग त्यांनी गोवा सुरक्षा मंच हा पक्ष काढला, मगो आणि शिवसेनेशी युती केली. मगो तोवर भाजपबरोबर सरकारात होता, डिसेंबर 2016 मध्ये सुदिन आणि दीपक या ढवळीकर बंधूंना मंत्रिमंडळातून काढलं आणि युती तुटली. सुरक्षा मंचाला एकही सीट मिळाली नाही, पण वर्षानुवर्षं भाजपसाठी घरोघरी फिरणारा माणूस यावेळी घरात बसला किंवा समोर उभा राहिला, आणि तीस हजारांच्या सीटवर असे पाचशे लोक फिरले तरी रिझल्ट फिरतो.

आता तो दीड दिवस.

11 तारखेला दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं होतं. काँग्रेसचे प्रभारी दिग्विजय सिंह गोव्यातच होते. भाजपने नितीन गडकरींना पाठवलं, ते रात्री पोचले. मनोहर पर्रीकर, गोव्याचे आधीचे मुख्यमंत्री, तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री, गोव्याचे आमदारही नव्हते, राज्यसभेवर होते, तेही उत्तर प्रदेशातून. रात्रीच पणजीच्या हॉटेलात बोलणी सुरू झाली, सुदिन ढवळीकर आले, गोवा फॉरवर्डचे विजय सरदेसाई आले आणि अट एकच निघाली की पर्रीकर मुख्यमंत्री म्हणून परत येणार असतील तर आम्ही बरोबर. दिल्लीशी त्याच रात्री बोलणं झालं आणि होकारही मिळाला. 12 तारखेला संध्याकाळी पर्रीकर 21 आमदारांच्या पाठिंब्याची पत्रं घेऊन राज्यपाल मृदुला सिन्हांकडे गेले, 13 स्वतःचे, 3 मगो, 3 गोवा फॉरवर्ड, 2 अपक्ष. राज्यपालांनी त्यांची नेमणूक केली आणि मेजॉरिटी दाखवायला पंधरा दिवस दिले.

त्याच वेळात काँग्रेस काय करत होती तर नेता निवडत होती. निवडून आलेल्या 17 मध्ये चार माजी मुख्यमंत्री होते हे लक्षात घ्या, प्रतापसिंह राणे, दिगंबर कामत, रवी नाईक आणि लुईझिन फालेरो. चौघंही मुरलेले, कुणी कुणाच्या हाताखाली जायला तयार होईल असं नाही. निवडणुकीआधी मुख्यमंत्रिपदाचा चेहरा ठरवला नाही कारण ठरवला असता तर पक्षात भांडण झालं असतं, ते भांडण रिझल्टच्या दिवसापर्यंत पुढे ढकललं आणि नेमकं त्याच दिवशी अंगावर आलं. शेवटी यातलं कुणीच नाही, केप्याचे चंद्रकांत कवळेकर विधिमंडळ पक्षाचे नेते झाले. हे होईपर्यंत बाकीचे आमदार हातातून गेले होते.

गोवा फॉरवर्डची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. 2016 मध्ये निघालेला नवा पक्ष, निशाणी नारळ, घोषणा गोंय, गोंयकार, गोंयकारपण, सगळा प्रचार भाजपच्या विरोधात. शिवोली आणि साळगाव या दोन सीट त्यांनी भाजपच्या मंत्र्यांना पाडून घेतल्या. निवडणुकीआधी काँग्रेसशी त्यांची बोलणी चालू होती पण प्रदेशाध्यक्ष फालेरोंना ही युती पसंत नव्हती आणि फातोर्ड्यात सरदेसाईंच्या समोरच काँग्रेसने उमेदवार दिला. म्हणजे ज्या माणसाच्या तीन आमदारांवर सरकार ठरणार होतं त्यालाच महिनाभरापूर्वी पाडायचा प्रयत्न केलेला. हे खरं असलं तरी शिवोलीच्या मतदाराने नारळावर बटण दाबलं ते भाजपचा मंत्री घालवायला, आणि तीन दिवसांत त्याचा आमदार भाजपच्या मुख्यमंत्र्याच्या मंत्रिमंडळात मंत्री झाला, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला तरी समर्थन सापडत नाही. पक्षाचे अध्यक्ष प्रभाकर तिंबले यांनाही ते पटलं नाही, त्यांनी राजीनामा दिला. राजकारणात असं कुणीतरी केलं याची नोंद राहायला पाहिजे म्हणून मुद्दाम लिहितोय.

14 मार्चला शपथविधी. पर्रीकरांबरोबर नऊ मंत्री, त्यात भाजपचे फक्त दोन, फ्रान्सिस डिसोझा आणि पांडुरंग मडकईकर. बाकी सात बाहेरचे: गोवा फॉरवर्डचे तिन्हीच्या तिन्ही, मगोचे सुदिन ढवळीकर आणि बाबू आजगावकर, अपक्ष रोहन खंवटे आणि गोविंद गावडे. छोट्या राज्यात मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त बाराच मंत्री करता येतात, त्यातली सात पदं पाठिंब्यासाठी दिली. सरकार कशावर उभं राहिलं हे या यादीतच दिसतं, वेगळं सांगायला नको.

त्याच दिवशी सुप्रीम कोर्टात होळीची सुट्टी असताना सुनावणी झाली. कवळेकरांनी अर्ज केला होता, सरन्यायाधीश खेहर यांचं बेंच. काँग्रेसचं म्हणणं होतं की सर्वात मोठ्या पक्षाला आधी बोलवायला पाहिजे होतं. कोर्टाने साधा प्रश्न विचारला की तुमच्याकडे आकडा होता तर राज्यपालांना का नाही दाखवला, पाठिंब्याची पत्रं कुठायत. पत्रं नव्हतीच. कोर्टाने शपथविधी थांबवला नाही पण पंधरा दिवसांचे दोन केले, 16 तारखेला फ्लोअर टेस्ट, म्हणजे विधानसभेत बहुमताची चाचणी, घ्या म्हणाले.

इथे थोडं थांबून नियमाचं बोलतो कारण व्हॉट्सॲपवर यावर फार चुकीचं फिरलं. राज्यघटनेत सर्वात मोठ्या पक्षाला आधी बोलवा असं कुठेही लिहिलेलं नाही. केंद्र-राज्य संबंधांवर नेमलेल्या सरकारिया आयोगाने जो क्रम सुचवला त्यात पहिली निवडणुकीआधीची युती, मग इतरांच्या पाठिंब्यासह दावा करणारा सर्वात मोठा पक्ष, मग निवडणुकीनंतरची आघाडी. यात "इतरांच्या पाठिंब्यासह" हे शब्द महत्त्वाचे आहेत, नुसतं मोठं असून भागत नाही. त्यामुळे 21 सह्या समोर असताना राज्यपालांनी पर्रीकरांना बोलावलं ते बेकायदेशीर होतं असं मी म्हणणार नाही. पण काँग्रेसला एकदा बोलावून विचारलं असतं तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न मला आजही योग्य वाटतो. पुढच्याच वर्षी कर्नाटकात राज्यपालांनी उलटं केलं, 104 वाल्या भाजपला सर्वात मोठा पक्ष म्हणून बोलावलं आणि काँग्रेस आणि जेडीएस (जनता दल सेक्युलर) यांचा मिळून आकडा मोठा असून त्यांना थांबवलं. म्हणजे गोव्यात एक माप, कर्नाटकात दुसरं, आणि दोन्हीकडे फायदा एकालाच, यावरचा लोकांचा राग खोटा नव्हता. काँग्रेस मात्र गोव्यातून शिकली होती, कर्नाटकात रिझल्ट पूर्ण लागायच्या आतच जेडीएसच्या कुमारस्वामींना पाठिंबा देऊन मोकळी झाली, आणि भाजपच्या येडियुरप्पांना फ्लोअर टेस्टच्या आधीच राजीनामा द्यावा लागला.

16 मार्चला गोवा विधानसभेत 22 विरुद्ध 16. पर्रीकर आमदार नसल्यामुळे त्यांना मत नव्हतं, सिद्धार्थ कुंकळ्येकर हंगामी सभापती म्हणून खुर्चीत होते, आणि काँग्रेसच्या 17 पैकी एक, वाळपईचे विश्वजित राणे, मतदानाआधीच बाहेर पडले आणि त्याच दिवशी आमदारकी सोडली. एप्रिलमध्ये ते मंत्री झाले आणि ऑगस्टच्या पोटनिवडणुकीत भाजपकडून परत निवडून आले. त्यांच्यावर टीका खूप झाली, पण या सगळ्या प्रकरणात निदान त्यांनी राजीनामा देऊन लोकांसमोर जायचा रस्ता धरला. नंतर जे झालं ते बघता हा फरक मला मोठा वाटायला लागलाय.

कारण खरं प्रकरण तिथून पुढे आहे. पर्रीकर आजारी पडले, 17 मार्च 2019 ला गेले, आणि सरकार पुन्हा हलायला लागलं. डॉ. प्रमोद सावंत यांचा शपथविधी रात्री दोन वाजता झाला. पुढच्या आठवड्यात मगोच्या तीन आमदारांपैकी दोघं, आजगावकर आणि दीपक पाऊसकर, भाजपमध्ये विलीन झाले आणि उपमुख्यमंत्री असलेले सुदिन ढवळीकर मंत्रिमंडळाबाहेर. तिघातले दोघं म्हणजे बरोबर दोन-तृतीयांश. पक्षांतरबंदी कायदा 1985 चा, त्यात आधी एक-तृतीयांश फुटले तर चालायचं, 2003 मध्ये ती वाट बंद केली, पण दोन-तृतीयांश आमदारांचं विलीनीकरण ही वाट राहिली. मोठ्या राज्यात दोन-तृतीयांश जमवायचे म्हणजे कठीण काम, गोव्यात मगोसाठी दोन माणसं पुरतात.

मग 10 जुलै 2019. काँग्रेसचे तेव्हा 15 आमदार उरले होते, त्यातले दहा एकदम भाजपमध्ये. पंधरातले दहा, पुन्हा बरोबर दोन-तृतीयांश, एकही कमी नाही. आणि त्यांचं नेतृत्व कुणी केलं तर विरोधी पक्षनेते चंद्रकांत कवळेकर, ज्यांच्या नावाने काँग्रेस सुप्रीम कोर्टात गेली होती तेच. ते उपमुख्यमंत्री झाले. भाजप 27 वर, काँग्रेस 5 वर. त्या दहात बाबूश मोन्सेरात होते, त्यांचं तर ऐका, पणजी 1994 पासून पर्रीकरांची आणि भाजपची, मे 2019 च्या पोटनिवडणुकीत पणजीकरांनी पंचवीस वर्षांनी तिथे काँग्रेस निवडून दिली, आणि पन्नास दिवसही झाले नाहीत तोवर पणजीचा आमदार परत भाजपचा. विजय सरदेसाई आणि त्यांचे दोन मंत्री यांनाही त्याच आठवड्यात काढून टाकलं, कारण आता त्यांची गरज राहिली नव्हती. 2017 च्या त्या रात्री ज्यांनी सरकार उभं केलं ते दोघंही, ढवळीकर आणि सरदेसाई, दोन वर्षं-चार महिन्यांत रस्त्यावर.

या फुटलेल्या आमदारांच्या अपात्रतेचे अर्ज सभापतींकडे पडून राहिले, एप्रिल 2021 मध्ये फेटाळले, फेब्रुवारी 2022 मध्ये हायकोर्टाने तो निर्णय कायम ठेवला, तेव्हा पुढच्या निवडणुकीचं मतदान होऊनही गेलं होतं. 2017 ला निवडून आलेल्या काँग्रेसच्या 17 पैकी त्या निवडणुकीपर्यंत पक्षात दोनच राहिले होते, दिगंबर कामत आणि प्रतापसिंह राणे.

2022 ला काँग्रेसने उमेदवारांना देवळात, बांबोळीच्या क्रूसाकडे आणि दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. अकरा आले. सप्टेंबर 2022 मध्ये अकरापैकी आठ भाजपमध्ये गेले, त्यात कामतही होते. दोन-तृतीयांशाला आठच लागतात.

लोक काहीच करत नाहीत असंही नाही हं. कवळेकरांना 2022 मध्ये केप्यातल्या लोकांनी घरी बसवलं, काँग्रेसच्याच उमेदवाराकडून. पण मोन्सेरात पती-पत्नी पणजी आणि ताळगावातून भाजपच्या तिकिटावर निवडून आले, पणजीत जेमतेम सातशे मतांनी का होईना. लहान सीटवर माणूस बघून मत देतात, मग तो माणूस चिन्ह घेऊन कुठेही गेला तरी काही ठिकाणी मत त्याच्या मागे जातं, हे गोव्याचं खरं दुखणं आहे. त्यावर कायदा एकच करायला हवा असं माझं ठाम मत आहे, दोन-तृतीयांश असोत नाहीतर सगळेच्या सगळे असोत, पक्ष बदलला की राजीनामा आणि पोटनिवडणूक. विश्वजित राणेंना जे करावं लागलं ते सगळ्यांना करायला लावा.

आत्याच्या मांद्र्याचं राहिलं. ज्या सोपटेंनी मुख्यमंत्र्यांना पाडलं ते ऑक्टोबर 2018 मध्ये शिरोड्याच्या सुभाष शिरोडकरांबरोबर राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि एप्रिल 2019 च्या पोटनिवडणुकीत तिथूनच भाजपकडून आले. 2022 ला भाजपने तिकीट सोपटेंनाच दिलं, पार्सेकर पक्ष सोडून अपक्ष उभे राहिले, मांद्र्याच्या लोकांनी दोघांनाही नाकारून मगोच्या जीत आरोलकरांना निवडलं. मगो ती निवडणूक तृणमूल काँग्रेसबरोबर युती करून भाजपच्या विरोधात लढला होता. 10 मार्चला रिझल्ट लागला, भाजप 20 वर अडकला, आणि त्याच दिवशी मगोने भाजपला पाठिंबा जाहीर केला. संध्याकाळी मीच आत्याला फोन केला, तर म्हणाली, "तीन फावट वेगळ्या निशाणेर मत दिलां रे, सरकार तांचांच."